किचनरचे शंभर टक्के

"शाल आणि श्रीफळ," रविकांतकाका म्हणाले, आणि नंदनच्या घशात शुभदाकाकूंची चकली आडवी झाली. तालमीत चहाची सुट्टी होती. कॅनडातल्या ओकव्हिलमधल्या काकांच्या त्या बेसमेंटमध्ये कार्पेट इतकं जाड की पाय घोट्यापर्यंत हरवतात. तिथे तासाभरावरच्या किचनर गावातून आलेली आठ माणसं पेपर प्लेटा घेऊन भिंतीला टेकली होती, आणि काकांनी नंदनला फर्नेसच्या खोलीत ओढून नेऊन ही बातमी कानात घातली होती. यंदाच्या गणेशोत्सवात, नाटकाच्या आधी, स्टेजवर किचनरचा जाहीर सत्कार. चव्वेचाळीस घरं, चव्वेचाळीस स्टिकर, शंभर टक्के भवननिधी. मिसिसागा साठ टक्क्यांवर अडकलंय, ब्रॅम्पटनवाले फोन उचलत नाहीत, खुद्द ओकव्हिलमधले दोन डॉक्टर 'बघू' म्हणतायत, आणि किचनर बघ. "कुणाला बोलू नकोस, सरप्राइज आहे," काका म्हणाले. "शाल तुमच्या त्या देवेशच्याच खांद्यावर टाकू. सगळ्यात जास्त तोच तणतणत होता ना? आणि भरले की नाही शेवटी?" नंदन हो म्हणाला. हो म्हणायला नंदनला कधीच वेळ लागत नसे, चकली घशात असली तरी.

रविकांतकाका मराठी मंडळाचे अध्यक्ष, सलग अकरा वर्षं. एकोणसत्तर साली हातात एक सूटकेस घेऊन आले, आयुष्यभर पाण्याचे पंप डिझाइन केले, आता रिटायर झालेत आणि सगळा जोर मराठी भवनावर. भवन होणार ओकव्हिलमध्ये. का, तर समितीतले नऊपैकी आठ जण ओकव्हिलमध्ये राहतात. नववा नंदन. त्याला किचनरने निवडलेलं नव्हतं, काकांनी नेमलं होतं, 'तुझा स्वभाव बरा आहे' म्हणून. मे महिन्यात समितीने ठरवलं की घरटी साठ डॉलर. पैसे भरले की मेंबरशिपच्या कार्डावर सोनेरी गणपतीचा स्टिकर, आणि स्टिकर नसेल तर उत्सवात महाप्रसादाचं ताट नाही. ओकव्हिलकरांनी हे ठरवलं, टाळ्या वाजवल्या आणि स्टिकरचं पाकीट नंदनच्या हातात दिलं. जून महिन्यात देवेशच्या बॅकयार्डमध्ये किचनरची सभा भरली. सभा म्हणजे बार्बेक्यू. सगळे पुण्या-नागपूरचे सॉफ्टवेअरवाले, हातात कणीस, आणि प्रत्येकाच्या तोंडात एकच वाक्य: तासभर ड्राइव्ह करून त्यांच्या भवनात जायचं, आणि वर पैसे आपण द्यायचे? आपल्याला विचारलं कोणी? देवेश खुर्चीवर उभा राहिला. एकही स्टिकर घ्यायचा नाही असा ठराव झाला, हात वर करून. नंदननेही हात वर केला, कारण सगळ्यांनी केला होता, आणि दुसऱ्या हातात ते पाकीट होतं म्हणून तो हात त्याने टेबलाखाली ठेवला.

पुढचं त्याने केलं ते कुणाला सांगायची सोय नव्हती. तीन आठवडे काकांचे फोन, 'किचनरचं काय झालं'. तीन आठवडे देवेशचे फोन, 'अजिबात वाकायचं नाही, नंद्या'. तीन आठवडे ऑफिसात कोडमधले बग शोधताना त्याला वाटायचं की हे सोपं आहे, इथे निदान चूक कोणत्या ओळीत आहे ते सापडतं. मग एका गुरुवारी लंच अवरमध्ये त्याने स्वतःच्या सेव्हिंग्जमधून सव्वीसशे चाळीस डॉलरचा ड्राफ्ट काढला, ओकव्हिलला पाठवला, आणि किचनरच्या चव्वेचाळीस घरी स्टिकर वाटले. काकांना सांगितलं, सगळ्यांनी दिले. किचनरला सांगितलं, काका नमले, आपल्याला फी माफ. त्या रात्री तो दोन महिन्यांत पहिल्यांदा गाढ झोपला. दोन्ही बाजू जिंकल्या होत्या. जगात कुठल्या तहात असं झालंय सांगा. देवेशने प्लाझातल्या कॉफीच्या दुकानात त्याच्या पाठीत अशी थाप मारली की कॉफी शर्टावर सांडली, आणि म्हणाला, "बघितलंस? ताठ राहिलं की होतं." नंदनने रुमालाने शर्ट पुसला आणि म्हणाला, खरंय.

आणि वैताग असा की ह्या सगळ्याच्या वर ते नाटक. काकांनी स्वतः लिहिलेलं, 'एल्मखाली', दोन अंकी. सतराशे पासष्टचं बॉस्टन. इंग्लंडच्या राजाने तिकडे बसून ठरवलं की ह्या वसाहतींमध्ये प्रत्येक वर्तमानपत्रावर, दस्तावर, पत्त्यांच्या जोडावर सरकारी शिक्का पाहिजे आणि शिक्क्याचे पैसे वसाहतीने द्यायचे. लोक भडकले: आम्हाला विचारलं कोणी? शिक्के विकायला नेमलेल्या माणसाचा पुतळा एल्मच्या झाडाला टांगला, घराच्या खिडक्या फोडल्या, शेवटी त्यालाच झाडाखाली फरफटत आणून राजीनामा लिहून घेतला, आणि दहा वर्षांनी लढाई. काका तरुणपणी दोन वर्षं बॉस्टनला शिकले होते, तेव्हापासून हे त्यांच्या डोक्यात होतं. तालमीत ते मुठी आवळून सांगायचे, "पाठीचा कणा दिसला पाहिजे रे, जनतेच्या पाठीचा कणा," आणि लगेच पुढच्या श्वासात, "नंदन, ब्रॅम्पटनचे स्टिकर पोस्टाने पाठवलेस का?" त्यांना ह्या दोन वाक्यांत काही नातं दिसत नव्हतं. नंदनला दिसत होतं, पण तो हसू शकत नव्हता, कारण शिक्केवाला तोच होता. भूमिका वाटल्या तेव्हा जमावात यायला सगळे तयार, शिक्केवाला व्हायला कोणी नाही. काका म्हणाले, नंदन करेल. जमावाचा पुढारी अर्थातच देवेश.

नंदनने लायब्ररीतून त्या काळावरचं पुस्तक आणून वाचलं होतं. वाचायला नको होतं. त्या बिचाऱ्या शिक्केवाल्याने कायदा केलेला नव्हता, त्याला कोणी विचारलंही नव्हतं. कोणीतरी शिक्के विकणारच, तर गावातलाच बरा, असं म्हणून बसला असेल. सगळ्यांशी मिळून-मिसळून असणारा, सगळ्या लग्नांना जाणारा माणूस. आणि त्याच पुस्तकात एका कोपऱ्यात लिहिलं होतं की नोव्हा स्कोशिया आणि क्विबेक, म्हणजे आजच्या कॅनडातले, यांनी फार खळखळ न करता शिक्के वापरले. नंदन ते पान दोनदा वाचून तसाच बसला होता. म्हणजे ज्यांनी आरडाओरडा केला त्यांचा एक देश झाला आणि ज्यांनी मुकाट्याने भरले त्यांचा दुसरा, आणि तो फॉर्म भरून, दोन वर्षं रांगेत थांबून, नेमका दुसऱ्यात आला होता. त्याची बारा वर्षांची मुलगी ऋचा शाळेत सातवीत हाच इतिहास शिकत होती. तिला त्याने विचारलं, तुमच्या टीचर काय सांगतात गं? ती कॉम्प्युटरवरून नजर न काढता म्हणाली, "द लॉयलिस्ट्स लॉस्ट अँड केम हिअर, बाबा. दे वर लाइक, द नाइस वन्स." राजाशी एकनिष्ठ राहिलेले, नाइस वन्स. त्याला वाटलं होतं तिच्या कानाखाली एक वाजवावी, किंवा स्वतःच्या.

तालीम संपली. घरी निघाले तेव्हा उन्हं अजून बरीच होती. त्याची बायको उमा मंडळाची वेशभूषा सांभाळायची, त्यामुळे तिच्या मांडीवर कापसाचे सहा पांढरे विग होते आणि गाडीत फेव्हिकॉलचा वास. फोर-ओ-वन हायवेला लागल्यावर ती म्हणाली, "शंतनुदादाचा मेल आलाय. हॉल बुक केला. आज घरी गेल्यावर तिकिटं काढूनच टाकू, डिसेंबरची आता चढायला लागलीत." नागपूरला तिच्या वडिलांची, अप्पांची पंचाहत्तरी होती. चार वर्षं ती माहेरी गेली नव्हती. एका वर्षी नंदनचा ले-ऑफ, एका वर्षी घर घेतलं, एका वर्षी तिचीच परीक्षा. ह्या वर्षी तिघांची तिकिटं, हे जानेवारीतच ठरलं होतं, पैसेही बाजूला टाकले होते. बाजूला म्हणजे त्याच सेव्हिंग्जमध्ये. नंदनने हिशोब असा केला होता की दिवाळीच्या आसपास बोनस येईल. ऑगस्टमध्ये कंपनीने ईमेल पाठवली की यंदा बोनस नाही, पिझ्झा आहे.

मिल्टन गेलं. एक लांबलचक ट्रक शेजारून गेला, गाडी हलली. त्याला एकदम नाशिकचं घर आठवलं, आणि दारातले बाबा, बनियनवर, हात कमरेवर. तो तेव्हा आठवीत होता. बाबा शाळेत गणित शिकवायचे आणि वर्गणीवाल्या पोरांशी दरवर्षी भांडायचे. त्या वर्षी गल्लीतल्या मंडळाचा राजन पावतीपुस्तक घेऊन आला, म्हणाला, सर, अकरा. बाबा म्हणाले, दोन. "मला विचारून मंडप घातलात का? लाउडस्पीकर मला विचारून लावलात? दोन घ्या नाहीतर जा." राजन दोन घेऊन ओठ चावत निघाला, आणि नंदनला कळलं की आज रात्री कुंड्या फुटणार, किंवा दारावर कोळशाने काहीतरी लिहिलं जाणार आणि सकाळी आई ते घासत बसणार. त्याने शाईपेनासाठी साठवलेले नऊ रुपये घेतले, मागच्या दाराने पळत जाऊन राजनला दिले. राजनने अकराची पावती फाडली. नंदनने ती चावून चावून गिळली, खरंच गिळली, कागद कडू होता. दुसऱ्या दिवशी राजनने रस्त्यात बाबांना वाकून नमस्कार केला. बाबा पुढची वीस वर्षं येईल त्या पाहुण्याला ती गोष्ट सांगायचे, की मी दोन रुपयांवर ठाम राहिलो आणि त्या मवाल्याने माझ्या पाया पडायचंच बाकी ठेवलं. नंदन शेजारी बसून ऐकायचा. बाबा गेले तेव्हा जमलेल्या लोकांतही कोणीतरी ती सांगितली. सगळे म्हणाले, काय ताठ माणूस. आणि तो मान हलवत होता. आताच्या ह्या क्षणी, एकशे दहाच्या स्पीडला, त्याला पहिल्यांदाच बाबांचा राग आला, इतक्या वर्षांनी, विनाकारण, की ह्या माणसाला एकदाही शंका कशी आली नाही.

"उमा," तो म्हणाला. "तिकिटांचं जरा."

"काय जरा?"

त्याने सांगितलं. ग्वेल्फची एग्झिट येईपर्यंत सांगून संपलं, कारण गोष्ट तशी छोटीच होती. उमाने मध्ये एकदाही थांबवलं नाही. विगचे केस ती बोटांनी सरळ करत होती.

"किती उरलेत?" तिने विचारलं.

"एकाचं होईल. थोडं वर लागेल."

"देवेशभावजींना माहिती नाही?"

"कोणालाच नाही."

"म्हणजे काकांचा मान राहिला. देवेशभावजींचा राहिला. चव्वेचाळीस घरांचा राहिला," ती म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता, भाजीवाल्याकडे हिशोब करावा तसा होता. "त्रेचाळीस. एक आपलं."

"मी बोलतो देवेशशी. तो देईल. सगळे देतील, आपलीच माणसं आहेत."

"बोल," उमा म्हणाली, आणि घरापर्यंत खिडकीतून मक्याची शेतं बघत बसली.

मंगळवारी ऑफिस सुटल्यावर तो देवेशकडे गेला. देवेश बॅकयार्डमध्ये नवीन डेक बांधत होता, गुडघ्यावर बसून, तोंडात स्क्रू धरून. त्याची बायको चित्रा पायरीवर बसून लाकडाच्या दुकानाची पावती बघत होती. "हे बघा भावजी," ती म्हणाली, "जुलैपासून हा एचएसटी. तेरा टक्के. नुसत्या टॅक्सात दोन खुर्च्या आल्या असत्या." देवेशने स्क्रू काढून सांगितलं की सरकार लुटतंय. नंदनने विचारलं, मग भरलेस? देवेश म्हणाला, भरला, काउंटरवर काय भांडू? मग नंदनने आपलं सांगितलं. उभ्या उभ्या, गाडीची किल्ली हातात धरून.

देवेशने ड्रिल बंद केलं. "सगळ्यांचे भरलेस म्हणजे माझेपण?"

"तुझेपण."

"तुला कोणी सांगितलं होतं?"

"कोणी नाही."

"आपण ठराव केला नंद्या. तूपण हात वर केलास."

"केला."

"आणि गुपचूप जाऊन आमच्या नावावर पैसे भरून आलास. आम्हाला न विचारता. हे म्हणजे," देवेशने शब्द शोधला, "अरे आपण नाटकात दोन तास ओरडतो काय? हेच ना? आमच्या वतीने बोलायचा अधिकार तुला दिला कोणी?"

नंदनला त्याचं बोलणं इतकं बरोबर वाटलं की क्षणभर तो स्वतःवरच उखडून मान हलवायला लागला होता. मग त्याला अप्पा आठवले. "चुकलं," तो म्हणाला. "पण आता काय, उमाची तिकिटं अडकलीत. प्रत्येकाने आपापले साठ दिले तर."

"प्रश्न साठ डॉलरचा नाहीये. तुला हवे असतील तर मी दोनशे देतो, उसने, आत्ता देतो. पण ते साठ नाही देऊ शकत. ते दिले तर आपण भरले असा अर्थ होतो. तत्त्वाचं काय?"

"अहो, द्या ना," चित्रा म्हणाली.

"तू थांब गं. आज मी दिले की उद्या बाकीचे म्हणतील देवेश फिरला." त्याने स्क्रू तळहातावर खेळवले. "आणि काकांना सांगू नकोस हां. ते स्टिकर परत मागतील, मग महाप्रसादाच्या लाइनीत तमाशा. बायका-पोरं असतात."

"काका तुझा सत्कार करणार आहेत," नंदन म्हणाला. "स्टेजवर. किचनरचे शंभर टक्के म्हणून. शाल, श्रीफळ."

देवेशने स्क्रू खिशात टाकले. शेजारच्या घरात कोणीतरी गवत कापत होतं. "मला?" त्याने विचारलं.

"तुला."

"नाही म्हणणं तसं बरं दिसणार नाही," देवेश म्हणाला. "माझं एकट्याचं नाही ते. चव्वेचाळीस घरांचा मान आहे."

त्या आठवड्यात नंदनने रविकांतकाकांना तीनदा फोन केला. पहिल्यांदा काका आर्किटेक्टबरोबर होते. दुसऱ्यांदा त्यांनी भवनाच्या प्रवेशद्वाराचं इतकं वर्णन केलं की नंदनच म्हणाला, छान. तिसऱ्यांदा त्याने 'काका, ते किचनरचे पैसे' इथपर्यंत आणलं, तर काकांचा आवाज एकदम भरून आला. म्हणाले, "चाळीस वर्षं मी इथे लोकांच्या दारात उभा राहतोय नंदन. पहिल्यांदा कुठल्या गावाने एकही घर न सोडता दिलं." आता ह्या माणसाला काय सांगायचं? म्हातारा फोनवर नाक शिंकरतोय आणि आपण आपले साठ-साठ परत मागायचे? नंदनला काकांचा राग आला, देवेशचा आला, त्या तेरा टक्क्यांचा आला, ऑफिसातल्या पिझ्झाचा आला. एवढा सगळा राग येऊन तो करणार काय, तर फोन ठेवून ड्राइव्हवेवर कचऱ्याचे डबे ओळीत लावले, निळा, हिरवा, काळा.

घरात आला तेव्हा उमा कॉम्प्युटरसमोर होती. ऋचा शेजारी उभी. प्रिंटरमधून एक कागद येत होता. "नऊ डिसेंबर," उमा म्हणाली. "व्हाया फ्रँकफर्ट. मी एकटी जाते."

"अप्पा विचारतील," तो म्हणाला. "जावई कुठे म्हणून."

"सांगेन, त्याला लोकांची कामं असतात." ती हसली नाही. कागदाची घडी घातली. "तुला माहितीय नंदन, मला राग कशाचा आलाय? तू सगळ्यांना घाबरतोस. काकांना, देवेशभावजींना, त्या कोण कुठल्या मिसिसागाच्या जोशींना. मला नाही घाबरलास. माझं काय, मी कुठे कुंड्या फोडणार आहे." ती वर्गणीची गोष्ट त्याने तिला लग्नाच्या पहिल्या वर्षी सांगितली होती, गंमत म्हणून, आणि तेव्हा ती पोट धरून हसली होती.

ऋचा म्हणाली, "सो आय कान्ट गो आयदर?" आणि उत्तराची वाट न बघता वर गेली.

उत्सव रविवारी दुपारी होता, एका हायस्कूलच्या ऑडिटोरियममध्ये. बाहेर पार्किंगमध्ये ढोल, आत अत्तर आणि सांबाराचा वास. किचनरची चव्वेचाळीस घरं सोनेरी स्टिकरची कार्डं छातीवर लावून पुढच्या रांगांमध्ये बसली होती. देवेश नाटकाच्या कपड्यांतच स्टेजवर गेला, गुडघ्यापर्यंतची विजार, डोक्यावर कापूस, आणि काकांनी त्याच्या खांद्यावर शाल टाकली. माइक हातात आल्यावर देवेश म्हणाला की किचनर कधीच मागे राहत नाही, आणि समाजासाठी द्यायचं तर हात आखडायचा नसतो. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या, फी माफ झालेल्या किचनरनेही. काकांनी डोळे पुसले. विंगेत नंदन शिक्केवाल्याचा लाल कोट घालून उभा होता. उमा त्याच्या कॉलरला टाचणी लावत होती, तोंडात दुसऱ्या दोन टाचण्या धरून, त्यामुळे ती बोलू शकत नव्हती, किंवा त्यामुळेच तिने त्या तोंडात धरल्या होत्या. टाळ्या थांबल्या तेव्हा तिने कोट एकदा झटकला आणि पुढच्या नटाकडे वळली.

दुसऱ्या अंकात जमाव आला. बारा माणसं मशाली घेऊन, मशालीत बॅटरीचे दिवे. कुणीतरी ठरल्यापेक्षा जोरात ओरडलं. देवेशने नंदनची कॉलर धरली, टाचणी टोचली, आणि दोघांनी त्याला बगलेत धरून झाडाकडे ओढायला सुरुवात केली. तालमींमध्ये नंदन ह्या जागी त्यांच्या सोयीसाठी स्वतःच चालायचा. बारीक पावलं टाकत, लोंबकळल्यासारखं दाखवत, कुणाची पाठ धरू नये म्हणून. बघणाऱ्याला वाटायचं, काय फरफटतायत बिचाऱ्याला, आणि ओढणाऱ्यांना काही वजन लागायचं नाही. आज त्याने गुडघे सोडून दिले. ठरवून नाही, एकदम सुटले ते. एक्क्याऐंशी किलो सगळे खाली आले. डावीकडचा माणूस वाकला, उजवीकडे देवेशच्या तोंडून 'अगं आई' असा आवाज निघाला, प्रेक्षकांना वाटलं क्रांती फारच खरी झालीय, आणि टाळ्या पडल्या. बुटांच्या टाचा स्टेजवर घासत होत्या. झाड अजून पंधरा फूट लांब होतं.

"नंद्या, जरा पाय लाव ना खाली," देवेश दातांतून म्हणाला. कापसाखाली त्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता. "जड आहेस रे तू."

"हो," नंदन म्हणाला, आणि डोळे मिटून घेतले.